राखेच्या बुधवारचा हिशेब

कपाळावर राख लावून ख्रिस्ती लोकांचा ईस्टरआधीचा उपासाचा काळ, म्हणजे प्रायश्चित्तकाळ, सुरू होतो तो राखेचा बुधवार. तिथपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस मोजले तर 46 भरतात. तरी प्रायश्चित्तकाळ चाळीस दिवसांचाच म्हणतात, कारण मधले सहा रविवार उपासात धरत नाहीत. रविवार हा येशूच्या पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास कसला?

हा हिशेब बसायला काही शतके लागली. सुरुवातीला ईस्टरआधी एक-दोन दिवसांचाच उपास असे. 325 मधल्या निसिया धर्मपरिषदेच्या नियमांत चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख येतो. रोममध्ये सहा आठवडे पाळत, पण रविवार वजा जाता उपासाचे दिवस उरत 36. सातव्या शतकाच्या सुमारास आधीचे चार दिवस जोडले गेले आणि सुरुवात बुधवारवर आली. मिलानने ही जोड घेतलीच नाही. तिथल्या अँब्रोसियन विधीत प्रायश्चित्तकाळ आजही रविवारी सुरू होतो. मूळच्या केरळच्या सिरो-मलबार कॅथलिकांचा सोमवारी. मुंबईही ज्यात येते तो त्यांचा कल्याण धर्मप्रांत 1988 चा, त्यामुळे मुंबईच्या एकाच सोसायटीत दोन कॅथलिक शेजाऱ्यांचा उपास दोन वेगळ्या दिवशी सुरू होऊ शकतो. 'कॅथलिक' या ग्रीक शब्दाचा अर्थ सार्वत्रिक, इ. स. 110 च्या सुमारास अंत्युखियाचे बिशप इग्नेशियस यांच्या पत्रात तो चर्चसाठी आलेला आहे. सार्वत्रिक म्हणजे सगळीकडे एकच पंचांग, असे मात्र नव्हे.

कपाळावरची राख येते गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारातून, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारातून. त्या दिवशी आशीर्वादित केलेल्या झावळ्या लोक क्रूसाजवळ किंवा तसबिरीमागे खोचून ठेवतात आणि पुढच्या वर्षी चर्चमध्ये परत देतात. त्या खडखडीत वाळलेल्या हव्यात. ओलसर राहिल्या तर नुसता धूर होतो आणि अर्धवट जळलेल्या काड्या मागे उरतात. राख बारीक चाळणीने चाळावी लागते. खरी चूक होते ती पाणी ओतताना. ताज्या राखेत पाणी कालवून लगदा केला की तिचा क्षार सुटतो. अशा लगद्याने कपाळ भाजल्याचे प्रकार घडले आहेत. विधीत पवित्र पाण्याचे शिंतोडे असतात, तेवढेच पुरे. 1091 मध्ये इटलीतल्या बेनेव्हेंतोच्या धर्मसभेने ही राख सर्वांसाठी सांगितली. इटलीत ती डोक्यावर भुरभुरतात, आपल्याकडे कपाळावर क्रूस काढतात.

खाण्याचे नियम पोप पॉल सहावे यांनी 1966 मध्ये बरेच सैल केले. पूर्ण उपास दोनच दिवस, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. वय 18 ते 59. एक वेळ पोटभर, सकाळ-संध्याकाळ थोडेसे. मांस वर्ज्य चौदाव्या वर्षापासून. इथे साबुदाणा आणि भात यांत फरक नाही, चिकन मात्र मांसच. मासे चालतात, त्यामुळे तळलेल्या पापलेटाने नियम मोडत नाही. प्रायश्चित्त कितपत होते हा भाग वेगळा.

मध्ययुगात युरोपात अंडी आणि दूधही बंद असे. कोंबड्या अंडी घालायच्या थांबत नसत. सहा आठवड्यांची साठलेली अंडी ईस्टरला बाहेर निघत, ती रंगवून वाटत.