स्वीटवॉटरची सापांची जत्रा आणि पेट्रोलची वाफ

अमेरिकेत टेक्सासमधल्या स्वीटवॉटर गावात 1958 पासून दर मार्चमध्ये खुळखुळ्या सापांची, म्हणजे रॅटलस्नेकची, जत्रा भरते. मोठ्या सभागृहात हजारो साप आणतात, तोलतात, त्यांचे विष काढतात, मुंडकी उडवून कातडी सोलतात आणि मांस तळून विकतात. हे साप बहुतेक ‘वेस्टर्न डायमंडबॅक’ जातीचे असतात. आयोजक सांगतात, यामुळे सापांची संख्या आटोक्यात राहते आणि औषधाला विष मिळते. दोन्ही दावे तपासून पाहायला हवेत.

मार्चच का, याचे उत्तर सापाच्या थंड रक्तात आहे. हिवाळ्यात बरेच साप खडकाच्या एकाच खोल कपारीत एकत्र राहतात आणि ऊन वाढू लागले की तोंडाशी येतात. अशी एक कपार सापडली की डझनावारी साप हाती लागतात. आत दडलेल्यांना हुसकावण्यासाठी बागेत औषध फवारायचा पंप घेतात, त्यात थोडे पेट्रोल घालतात आणि लांब तांब्याची नळी बिळात सारतात. वाफेने गुदमरलेला साप बाहेर येतो, त्याला चिमट्याने उचलतात.

खरे नुकसान इथे होते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती बिळाच्या तळाशी साचून राहते. त्याच बिळात बेडूक, सरडे, कीटकही राहतात. त्यांनाही या वाफेची बाधा होते. चुनखडीच्या भेगांतून पेट्रोल भूजलापर्यंत झिरपण्याचा धोका वेगळाच. टेक्सासच्या वन्यजीव खात्याने यावर बंदीचा विचार केला होता, पण ती आली नाही.

आता विषाचे. प्रतिविष बनवायला साप कोणत्या जातीचा, कुठला, याची नोंद लागते. विष स्वच्छ भांड्यात काढून लगेच गोठवून सुकवावे लागते. कित्येक दिवस उपाशी-तहानलेल्या, एकमेकांवर रचलेल्या सापांचे गर्दीसमोर काढलेले मिसळीचे विष या कसोटीला उतरत नाही. तमिळनाडूतली इरुळ या साप पकडणाऱ्या आदिवासींची सहकारी संस्था हेच काम नीट करते. तिथे साप सुमारे तीन आठवडे मडक्यात ठेवतात, ठरावीक दिवसांनी विष काढतात, पोटाच्या खवल्यावर खूण करतात आणि पुन्हा रानात सोडतात. खुणेमुळे तोच साप लगेच पुन्हा पकडला जात नाही.

संख्येचा दावाही टिकत नाही. 2016 मध्ये स्वीटवॉटरला 24 हजार पौंडांहून जास्त, म्हणजे सुमारे 11 टन, साप आले. पण वजन हे हवामान, पौंडामागचा भाव आणि शिकाऱ्यांची संख्या यांवर हलते. त्यावरून रानात किती साप आहेत हे कळत नाही. मादी साधारण तिसऱ्या वर्षी वयात येते आणि बहुधा वर्षाआड विते, त्यामुळे प्रौढ साप गेले की ती तूट लवकर भरून निघत नाही.

जॉर्जियातल्या क्लॅक्स्टन गावाने 2012 मध्ये साप पकडणे बंद केले आणि तीच जत्रा वन्यजीव महोत्सव म्हणून चालू ठेवली. आपल्याकडे बत्तीस शिराळ्यातही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर जिवंत नागांचे जाहीर प्रदर्शन थांबले. नागपंचमी तिथे आजही साजरी होते, आता प्रतिमेची पूजा करून.