ऊर्जा नष्ट होत नाही, मग वाचवायची कशाला?

ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, असे फळ्यावर लिहायचे. पुढच्याच आठवड्यात ‘ऊर्जा वाचवा’ म्हणून भित्तिपत्रके रंगवून घ्यायची. चौकस विद्यार्थ्याला यात विसंगती दिसते, आणि त्याचे चुकत नाही. जी नष्टच होत नाही ती वाचवायची कशाला? वर्गात हा प्रश्न कोणी विचारला नाही तर शिक्षकांनी स्वतः विचारावा. अक्षय्यता आणि बचत हे दोन्ही धडे त्याच्याभोवती उभे राहतात, आणि उत्तर थर्मामीटरने देता येते.

त्याआधी एक गोंधळ निस्तरावा लागतो. वॉट हा ऊर्जा वापरण्याचा वेग आहे, ज्यूल हा ऊर्जेचा साठा. नळातून मिनिटाला किती पाणी पडते ते वॉटसारखे, बादलीत किती जमले ते ज्यूलसारखे. वहीत ‘किलोवॉट प्रति तास’ असे उत्तर दिसले तर तिथेच थांबावे: किलोवॉटला तासाने गुणायचे असते, भागायचे नसते. १ किलोवॉट एक तास वापरला की १ युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल.

एवढी मोठी संख्या मुलांच्या अंगवळणी पडत नाही. मग मीटर दाखवावा. डिजिटल वीजमीटरवर एक छोटा दिवा लुकलुकत असतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकतो तो आकडा शेजारी छापलेला असतो. तो ३२०० असेल तर एक लुकलुक म्हणजे ११२५ ज्यूल. आता ४० किलो वजनाच्या विद्यार्थ्याला ३ मीटर उंचीचा एक मजला चढायला सांगा. वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची: ४० × ९.८ × ३ = ११७६ ज्यूल. एक मजला, एक लुकलुक! (स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के असल्याने शरीर अन्नातून याच्या चार-पाच पट ऊर्जा खर्च करते, तो भाग वेगळा.) एका युनिटासाठी असे तीन हजारांहून अधिक मजले चढावे लागतील. हे गणित एकदा केले की ‘युनिट’ हा शब्द पाठ करावा लागत नाही.

मग प्रयोग. विजेच्या किटलीत वजन करून १ किलो पाणी घ्या. बाकीची उपकरणे बंद करा. तरीही मीटर अधूनमधून लुकलुकत असेल तर मिनिटाला किती वेळा ते टिपून नंतर वजा करा. पाणी ढवळून तापमान नोंदवा. किटली सुरू करा, लुकलुका मोजा, आणि साधारण ४० अंशांनी तापमान वाढले की बंद करा. प्लग काढून, पाणी ढवळून सर्वांत जास्त तापमान नोंदवायचे, कारण तापलेली तबकडी बंद केल्यावरही थोडा वेळ उष्णता देत राहते. थर्मामीटरचा फुगा तळाला टेकू देऊ नका.

समजा पाणी २५ अंशांवरून ६५ वर गेले आणि १८० लुकलुका झाल्या. १ किलो पाणी १ अंशाने तापवायला ४१८६ ज्यूल लागतात, म्हणून पाण्याला मिळाले ४१८६ × ४० = १,६७,४४० ज्यूल; मीटरने मोजले २,०२,५००. कार्यक्षमता सुमारे ८३ टक्के. नेमके चुकते ते दोन ठिकाणी. एक, मीटर न मोजता किटलीवर छापलेले वॉट धरले जातात. तो आकडा ठरावीक व्होल्टेजचा असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी उतरले की शक्ती १९ टक्क्यांनी उतरते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दुसरे, उत्साहाच्या भरात पाणी उकळू दिले जाते. १० ग्रॅम पाण्याची वाफ होतानाही सुमारे २२,६०० ज्यूल निघून जातात आणि सगळा हिशेब कोलमडतो.

उरलेले ३५ हजार ज्यूल कुठे गेले? वर्गातून ‘नष्ट झाले’ असे उत्तर येईल. ते किटलीच्या भिंतींत आणि खोलीतल्या हवेत आहेत, पूर्णच्या पूर्ण. आता मूळ प्रश्नाला हात घालता येतो.

८० अंशांचे एक लिटर पाणी २० अंशांच्या एक लिटर पाण्यात मिसळा. (गरम पाणी शिक्षकांनीच ओतावे.) होतात ५० अंशांचे दोन लिटर, प्रत्यक्षात भांडे थोडी उष्णता घेते म्हणून किंचित कमी. एक ज्यूलही हरवलेला नाही. पण मिसळण्याऐवजी गरम आणि गार पाण्यामध्ये एखादे आदर्श इंजिन बसवले असते तर? ते गरम पाण्यातून उष्णता घेते, थोडीशी कामात बदलते आणि उरलेली गार पाण्यात सोडते. दोन्हींचे तापमान सारखे झाले की थांबते. ते समान तापमान मात्र ५० अंश येत नाही. केल्विनमधल्या (सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या) दोन तापमानांचा, ३५३ आणि २९३ चा, गुणाकार करून वर्गमूळ काढले की सुमारे ३२१.६ केल्विन, म्हणजे ४८.६ अंश मिळतात. दोन लिटरमधले हे १.४ अंश कामाच्या रूपात बाहेर आले: सुमारे ११,७०० ज्यूल. आपल्या ४० किलोच्या विद्यार्थ्याला दहा मजले वर नेण्याइतके! पाणी नुसते मिसळले तेव्हा ही संधी गेली, आणि ऊर्जा सगळी शिल्लक असूनही ती परत मिळवता येत नाही. पुन्हा ८० आणि २० करायचे तर बाहेरून नवे काम ओतावे लागते. आपण वाचवतो ती ऊर्जेची ही काम करून देण्याची क्षमता. कोळसा जाळला, वीज वापरली की शेवटी सगळे खोलीच्या तापमानाची कोमट उष्णता होऊन पसरते, आणि त्या कोमटपणातून काम निघत नाही.

हे समजलेला विद्यार्थी ‘स्वतःच्याच विजेवर अखंड चालणारे जनित्र’ दाखवणाऱ्या व्हिडिओला फसत नाही. वस्तूंमधून ‘सकारात्मक ऊर्जा’ मिळते असे कोणी सांगितले तर त्याने एवढेच विचारावे: किती ज्यूल, आणि कशाने मोजले? जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४० च्या दशकात खाली उतरणाऱ्या वजनांनी पाण्यात वल्ही फिरवून तापमानातली अगदी बारीक वाढ मोजली होती. ऊर्जा हा शब्द वापरायचा हक्क अशा मोजमापातून येतो.

बचतीचा क्रमही मोजूनच लावावा. नुसता प्लगमध्ये राहिलेला चांगला चार्जर ०.१ वॉट घेत असेल तर दिवसभरात ८६४० ज्यूल होतात. तेवढ्यात एक लिटर पाणी फक्त २ अंश तापते. उलट २५ अंशांचे एक लिटर पाणी १०० पर्यंत तापवायची ऊर्जा तेच पाणी ३२ किलोमीटर उंच न्यायला पुरेल. चार्जर जरूर काढावा, पण आधी गरम पाण्याकडे पाहावे.

गृहपाठ म्हणून प्रत्येकाने घरातल्या उपकरणांची शक्ती गुणिले तास अशी यादी करावी आणि आठवड्याच्या मीटर-वाचनातल्या फरकाशी जुळवावी. पहिल्यांदा ती जुळणार नाही. बहुधा फ्रिज २४ तास पूर्ण शक्तीवर धरलेला असतो, तर त्याचा कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो. चालू असताना आणि थांबलेला असताना दहा-दहा मिनिटे लुकलुका मोजाव्यात, दिवसातला त्यांचा वाटा अंदाजावा आणि यादी पुन्हा करावी.