घराची देखभाल: पगारी माणूस की ठेकेदार?

भाड्याने दिलेल्या घरांची झाडलोट, नळदुरुस्ती, पंप बघायला माणूस पगारावर ठेवावा की काम ठेक्याने द्यावं? मालक हिशेब खर्चाचा करतो. कोर्ट मात्र आधी विचारतं, हुकूम कोणाचा चालतो?

हा प्रश्न इंग्लंडमध्ये गाजला तोही एका घराच्या राखणीवरून. येवन्स विरुद्ध नोक्स, 1880. खटला मुळात कराचा. व्यापारी इमारतीत राखणीपुरता नोकर राहत असेल तर घरकर माफ होता. इथे राहत होता वर्षाला 150 पौंड पगार घेणारा कारकून. त्याला नोकर मानलं नाही, माफीही मिळाली नाही. काम कसं करायचं हे ज्याला धनी सांगू शकतो तो नोकर, ही न्यायमूर्ती ब्रॅमवेल यांची व्याख्या मात्र कायमची राहिली.

1957 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात ही कसोटी वापरली. मिठागरातले आगरिये मणावर पैसे घेत, हाताखाली स्वतःची माणसं लावत, तरी कंपनीच्या देखरेखीमुळे ते कामगार ठरले. ‘उक्तं काम दिलंय, माझा संबंध नाही’ म्हणणाऱ्या घरमालकांनी हा निकाल जरूर वाचावा.

पुढचा टप्पा मुंबईचा. स्टँडर्ड व्हॅक्यूम रिफायनरीतली साफसफाई ठेकेदाराकडे होती. 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत बंद करणं योग्य ठरवलं. काम बारमाही आहे का, रोजचं आहे का, इतरत्र ते कायम कामगार करतात का, हे त्यात पाहिलं गेलं आणि 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यातही हेच निकष उतरले. त्याच्या आधारे केंद्राने 9 डिसेंबर 1976 ला आपल्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींची झाडलोट, सफाई आणि राखण ठेक्याने देण्यावर बंदी घातली. एअर इंडियाच्या खटल्यात 1996 मध्ये अशा कामगारांना थेट सामावून घ्यायचा हुकूम झाला. पाच वर्षांत, स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात, घटनापीठाने तो फिरवला आणि 1976 ची अधिसूचनाही रद्द केली. ठेका निव्वळ कागदी असेल तर कामगार मूळ मालकाचाच, एवढं मात्र शाबूत राहिलं.

पण हे सगळं मोठ्या आस्थापनांचं. 1970 चा कायदा वीस कामगारांपासून लागू होई; दोन-चार फ्लॅट भाड्याने देणारा त्यात येतच नव्हता. सोसायट्यांचं त्याहून चमत्कारिक. 2002 च्या सोम विहार निकालानुसार, सभासदांच्या घरगुती सेवेसाठी माणसं ठेवणारी सोसायटी औद्योगिक विवाद कायद्याखाली ‘उद्योग’ ठरत नव्हती. म्हणजे 2025 मध्ये तो कायदा जाईपर्यंत सोसायटीने थेट नेमलेल्या वायरमनला त्याचा आधार नव्हता, एजन्सीच्या माणसाला निदान एजन्सीविरुद्ध तो असू शकत होता. उलटाच न्याय म्हणायचा!

प्राप्तिकरातही छोट्या मालकाला दोन्ही सारखंच. घरभाड्यातून महापालिकेचे कर वजा केल्यावर उरेल त्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, मग पगार दिलेला असो, बिल भरलेलं असो की दुरुस्ती मुळीच केलेली नसो.