रस्त्यावरच्या फोटोत काळ कसा आला : पार्श्वभूमी
1838 साली पॅरिसमधल्या एका वाहत्या रस्त्याचा फोटो काढला गेला. त्यात घोडागाड्या नाहीत, वर्दळ नाही. बूट पॉलिश करून घेणारा माणूस तेवढा उमटला, कारण फोटो उमटायला काही मिनिटं लागत आणि तेवढ्यात तोच जागचा हलला नव्हता. पुढे ड्राय प्लेट, म्हणजे आधीच तयार करून ठेवता येणारी, झटपट फोटो उमटवणारी काच आली, 1925 साली हातात मावणारा 35 मिमीचा कॅमेरा बाजारात आला आणि रस्त्यावर फोटो काढत फिरणारे सगळेजण क्षण पकडण्याच्या मागे लागले.

सोलापुरात वाहता काळ टिपायचा तर जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेसारखी संधी नाही. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत शटर 1/8 सेकंदावर ठेवलं की पांढऱ्या बाराबंद्यांचा लोट होतो आणि कडेला भिंतीला टेकून उभी असलेली आजी रेखीव राहते. 1/1000 ला तीच मिरवणूक थिजल्यासारखी दिसते.

खरा वाद आहे तो चौकटी, म्हणजे वेगवेगळ्या वेळी टिपलेल्या फ्रेम, एकावर एक चढवण्याचा. फिल्मच्या काळात रीळ न सरकवता दोनदा शटर दाबत, त्यावर फारशी कुणाची तक्रार नसे. आता सोलापूरच्या नवी पेठेत तिवई (ट्रायपॉड) लावून सकाळची बंद दुकानं, दुपारचं ऊन आणि संध्याकाळची गर्दी एकाच फोटोत आणली, की 'हा स्ट्रीट फोटो नव्हेच' असं ऐकावं लागतं. शटर एकदाच दाबलेलं हवं, असा हा आग्रह. मला तो पटत नाही. 2017 पासून आयफोनमध्ये लाइव्ह फोटोला (आगेमागचे काही क्षणही टिपणाऱ्या फोटोला) 'लाँग एक्सपोजर'चा पर्याय आहे, तो मुळात अनेक चौकटींची बेरीज. नाइट मोडही तेच करतो. मग तिवईवाल्यानेच काय घोडं मारलंय? कॅमेरा जागेवरून हलला का, एखादा माणूस उचलून दुसरीकडे चिकटवला का, एवढंच विचारावं. किती तासांच्या चौकटी आहेत, ते फोटोखाली स्पष्ट लिहावं. रंग काढून फोटो 'जुना' करणाऱ्यांपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढण्याची पद्धत 1977 पासून अमेरिकेत शिस्तीने रुजली. 1870 च्या दशकातल्या सर्वेक्षणाच्या फोटोंच्या जागा शोधून, सावल्यांवरून ऋतू आणि वेळ ताडून ते काम झालं. सोलापूरला याची फार गरज आहे. 1877 पासूनचं गिरण्यांचं हे गाव, आणि गिरण्या तर केव्हाच थंडावल्या. जून 2023 मध्ये विमानसेवेला अडथळा म्हणून साखर कारखान्याची चिमणी पाडली. ती कोसळतानाचे व्हिडिओ भरपूर फिरले, पण ते काही सेकंदांचे. काय गेलं हे कळायला चिमणी असतानाचा आणि नंतरचा, एकाच जागेवरून एकाच फोकल लेंग्थने (दृश्य किती जवळ किंवा रुंद दिसेल ते ठरवणारं लेन्सचं माप) काढलेला फोटो शेजारी शेजारी हवा. ज्यांच्याकडे आधीचे फोटो आहेत त्यांनी मूळ फाइल जपावी. वेळ आणि फोकल लेंग्थ तिच्यातच नोंदलेली असते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवली की ती नोंद पुसली जाते. म्हणून पाठवायची तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.