ट्रायो ऑफ डूम (थेट मैफलीचा अल्बम)

जॅझ-फ्यूजन प्रकारातील वाद्यसंगीताचा अल्बम. गिटारवर जॉन मॅक्लॉफलिन, बेस गिटारवर जॅको पास्टोरियस आणि ड्रमवर टोनी विल्यम्स. या तिघांनी ३ मार्च १९७९ रोजी क्युबाची राजधानी हवाना येथील कार्ल मार्क्स नाट्यगृहात जे वाजवले, तो या अल्बमचा गाभा. वादन जेमतेम पंचवीस मिनिटांचे, पण ते श्रोत्यांच्या हाती पडायला २००७ साल उजाडले.

फ्यूजन म्हणजे जॅझमधली आयत्या वेळी सुचेल तसे वाजवण्याची रीत आणि रॉकमधली विजेवरची वाद्ये व ठोस ठेका यांचा मेळ. साठच्या दशकाच्या अखेरीस ही वाट मोकळी झाली. ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी फेब्रुवारी १९६९ मध्ये मुद्रित केलेल्या ‘इन अ सायलेंट वे’ या अल्बममध्ये विल्यम्स आणि मॅक्लॉफलिन दोघेही होते. विल्यम्स (१९४५–१९९७) हे वयाच्या सतराव्या वर्षीच डेव्हिस यांच्या संचात दाखल झाले होते. १९६९ मध्येच त्यांनी ‘लाइफटाइम’ हा स्वतःचा संच काढला आणि इंग्लंडमधून आलेल्या मॅक्लॉफलिन यांना त्यात घेतले. मॅक्लॉफलिन यांची ओळख भारतीय रसिकांना करून द्यायला नको. झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्याबरोबरच्या ‘शक्ती’ या संचामुळे ते आपल्याकडे घरचेच झाले आहेत. पास्टोरियस (१९५१–१९८७) वयाने तिघांत धाकटे. १९७६ पासून ते ‘वेदर रिपोर्ट’ या संचात होते. त्यांच्या बेस गिटारला पडदे नव्हते. सतारीला पडदे असतात, सरोदला नसतात, हा फरक ज्याच्या कानाला ठाऊक आहे त्याला पास्टोरियस यांचा स्वर चटकन कळेल. एका सुरावरून दुसऱ्यावर मींडेने सरकत जाणारा असा गाता बेस त्यांच्याआधी क्वचितच कोणी वाजवला असेल.

हवानातली मैफल ‘हवाना जॅम’ या २ ते ४ मार्चच्या महोत्सवाचा भाग होती. अमेरिका आणि क्युबा यांचे संबंध दोन दशके तुटलेले असताना सीबीएस रेकॉर्ड्स कंपनीने अमेरिकी कलावंत तेथे नेले. याच व्यासपीठावर ‘वेदर रिपोर्ट’ही वाजवून गेले आणि क्युबाचा ‘इराकेरे’ हा संचही. या त्रयीला मात्र सोबत वाजवण्याचा फारसा सराव नव्हता. तिघे जण तीन वाटांनी आलेले, प्रत्येक जण आपापल्या वाद्यातला अव्वल, आणि समोर भरलेले नाट्यगृह.

सुरुवात एकट्या ड्रमने होते. विल्यम्स कोणाची वाट पाहत नाहीत, साथीची भाषाही बोलत नाहीत. झांजांचा सलग झोत ठेवून ते खालच्या ढोलांवर वाक्ये रचत जातात. पाठोपाठ मॅक्लॉफलिन यांची ‘डार्क प्रिन्स’ ही अतिद्रुत लयीतली, ब्लूजच्या (अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या लोकगीतांतून आलेल्या संगीतप्रकाराच्या) बांध्याची रचना येते, आणि इथेच सारे विसकटू लागते. बेस वाजवीपेक्षा मोठा, मूळ स्वराशी फटकून जाणारा. गिटार मुद्दा लावून धरणारी. ड्रम दोघांना रेटत पुढे नेणारा. पुढची ‘कंटिन्यूअम’ ही पास्टोरियस यांची १९७६ ची रचना. ती सुरू होताच हवा बदलते. बेसच गायक होतो आणि उरलेले दोघे त्याला जागा करून देतात. त्यानंतर विल्यम्स यांची ‘पारा ओरिएंते’ आणि शेवटी ‘आर यू द वन, आर यू द वन?’. ही शेवटची रचना मॅक्लॉफलिन यांनी १९७८ च्या अल्बममध्ये विल्यम्स आणि बेसवादक जॅक ब्रूस यांच्यासह आधीच वाजवली होती. दोन्ही मुद्रणे लागोपाठ ऐकली की बेसवादक बदलल्याने रचना किती बदलते, हे उमगते.

पास्टोरियस यांच्या मंचावरच्या वागण्याने मॅक्लॉफलिन कमालीचे नाराज झाले आणि हवानाचे मुद्रण बाहेर काढायला त्यांनी नकार दिला. म्हणून ८ मार्च रोजी तिघे न्यूयॉर्कच्या स्टुडिओत पुन्हा बसले. महोत्सवाच्या १९७९ च्या ध्वनिमुद्रिकांवर या त्रयीच्या नावाने जे आले ते हे स्टुडिओतले वादन होते, त्यावर टाळ्या मागाहून चढवलेल्या. त्रयी पुन्हा कधी उभी राहिली नाही. २००७ मध्ये अल्बम निघाला तेव्हा तिघांपैकी एकटे मॅक्लॉफलिन हयात होते. त्यात दहा मुद्रणे आहेत: पाच हवानाची, पाच न्यूयॉर्कची. नुसती ‘पारा ओरिएंते’च स्टुडिओत तीनदा वाजवलेली सापडते.

दोन्ही भाग शेजारी ठेवले की प्रस्तुत नोंदकाराचा कौल निःसंशय हवानाच्या बाजूने पडतो. स्टुडिओत सूर जागेवर आहेत, आवाजाचा तोल नीट आहे, पण तिघे एकमेकांना सांभाळून घेतात. हवानात कोणी कोणाला सांभाळत नाही आणि त्यामुळेच प्रत्येकाचा पिंड उघडा पडतो. ‘डार्क प्रिन्स’मध्ये घोटाळा आहे, हे मान्य. तो झाकला असता तर त्यातून विल्यम्स वाट कशी काढतात हेही झाकले गेले असते.

खानदेशात जॅझ रुजलेला नाही, मात्र असे ऐकण्याची सवय इथल्या कानाला आहे. नंदुरबार-नवापूरकडच्या लगीनसराईत रोडाली आणि टिमली या आदिवासी नाचांच्या चाली कीबोर्ड आणि ड्रमवर तासन् तास वाजतात. शब्द नसले तरी नाचणाऱ्याचे काही अडत नाही. वरातीतच केलेली त्यांची मुद्रणे मोबाइलवर फिरतात. त्यांत जनरेटरची घरघर असते, आरोळ्या असतात, मध्येच ठेका बदलताना उडालेली धांदल असते, आणि ऐकणारे ती तशीच मागून घेतात. सातपुड्यातल्या काठी या गावच्या राजवाडी होळीला ढोल रात्रभर घुमतात आणि होळी पहाटे पेटते. तिथले ढोल स्टुडिओत आणून वाजवले तर लय तीच राहील, पण पावलांचा आवाज आणि ढोल्याला चढलेला जोर येणार नाही. जळगावात जानेवारीत होणाऱ्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला जाणारा श्रोता तर तबलजी आणि वादक यांच्यातली सवाल-जवाबाची चढाओढ समोर बसून ऐकतो. हवानातले तिघे जी झुंज देतात ती त्याला परकी वाटू नये.

नव्याने ऐकणाऱ्याने ‘कंटिन्यूअम’पासून सुरुवात करावी, मग ड्रमचा प्रारंभ आणि ‘डार्क प्रिन्स’ एका बैठकीत. मोबाइलच्या स्पीकरवर बेस जवळजवळ नाहीसा होतो, त्यामुळे हेडफोन हवेत.