घरातला जुना तिकीटसंग्रह विकायचा आहे? आधी हे वाचा

घरातलं मोठं माणूस गेलं, कपाट आवरायला काढलं, आणि खालच्या कप्प्यातून पाच-सहा आल्बम, बुटांच्या खोक्यात भरलेली पाकिटं, एक भिंग आणि एक चिमटा निघाला. तुम्हाला स्वतःला तिकिटांचा नाद नाही. टाकवत नाही, ठेवायला जागा नाही, आणि किंमत काय येईल याचा अंदाज नाही. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मंडळींची हीच अडचण असते. आम्ही पुण्यात टपाल तिकिटांची खरेदी-विक्री करतो आणि हे पत्रक अशाच घरांसाठी काढलं आहे. संग्रह तुम्ही कोणालाही विका, किंवा विकूही नका, यातली माहिती उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी: काहीही वेगळं करू नका

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक ताई दुकानात आल्या. हातात मिठाईचा प्लास्टिकचा डबा. आत साधारण चारशे तिकिटं, पाकिटांवरून सोडवलेली, वर्तमानपत्रात दाबून वाळवलेली, रंगांप्रमाणे गठ्ठे केलेली. आजेसासऱ्यांनी घरी पाठवलेली पत्रं होती ती. कोमट पाण्याचं पातेलं घेऊन ताई आणि त्यांची सून चार संध्याकाळी बसल्या होत्या. पत्रं ठेवली होती, पाकिटं रद्दीत गेली होती.

डब्याच्या तळाशी पाकिटाचा एक तुकडा चुकून राहिला होता. त्यावर सहाव्या जॉर्जचं तिकीट, फील्ड पोस्ट ऑफिसचा म्हणजे लष्करी टपाल कचेरीचा अर्धा शिक्का आणि पाकीट उघडून तपासल्यावर सेन्सॉर लावायचा त्या चिकटपट्टीचं टोक. आजेसासरे दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीबरोबर इटलीत होते. तसलं सुटं तिकीट आज पाच-दहा रुपयांच्या वर जात नाही. अख्ख्या पाकिटांना मात्र घेणारे आहेत. आणि विकली नसती तरी, आजोबा कोणत्या महिन्यात कुठे होते हे शिक्क्यांवरून घरच्यांना लावता आलं असतं. ताईंना काय सांगावं ते आम्हाला सुचेना. चूक त्यांची नव्हतीच. लहानपणी आपल्या सगळ्यांना हेच शिकवलं होतं: भिजव, सोडव, वाळव, चिकटव.

म्हणून कळकळीने सांगतो. पाकिटावरचं तिकीट पाकिटावरच राहू द्या. कात्री लावू नका. आंतरदेशीय पत्रं, पोस्टकार्डं, मनिऑर्डरच्या पावत्या, तिकिटाविना नुसता शिक्का असलेलं पाकीट, काहीही फेकू नका. आल्बममधलं तिकीट सुटलं असेल तर पुन्हा चिकटवू नका, तसंच लहान पाकिटात घालून त्या पानाशी ठेवा. पानाला घट्ट चिकटलेलं कोरं तिकीट ओढून काढू नका; पाठीवरचा डिंक गेला की किंमतही जाते. सेलोटेप नको. आणि पान खराब होऊ नये म्हणून लॅमिनेशन तर अजिबात नको. लॅमिनेट केलेलं तिकीट परत मोकळं करता येत नाही, त्याला कोणी घेत नाही.

संग्रहाची मूळ मांडणीही हलवू नका. ज्यांनी तो लावला त्यांनी एखादं तिकीट दुसऱ्यासारखंच दिसत असूनही शेजारी का लावलं, याला बहुधा कारण असतं. कडेच्या छिद्रांची संख्या वेगळी असते, कागदातला वॉटरमार्क वेगळा असतो, छटा वेगळी असते. 'डबल आहेत' म्हणून नातवंडांना वाटून टाकलेली तिकिटं नेमकी तीच असतात.

जुनं म्हणजे महाग नव्हे

हा गैरसमज सगळ्यात मोठा. जगातलं पहिलं टपाल तिकीट, १८४० चं इंग्लंडचं पेनी ब्लॅक, दुर्मीळ नाही. ते ६ कोटी ८० लाखांहून जास्त छापलं गेलं होतं. त्याला छिद्रं नव्हती, कात्रीने कापून लावायचे, त्यामुळे चारही बाजूंना समास शिल्लक असलेली प्रत आणि एका बाजूने आत कापलेली प्रत यांच्या भावात खूप अंतर पडतं. आपल्याकडच्या १८५४ च्या चार आण्याच्या लाल-निळ्या तिकिटाचंही तसंच. त्या काळी अनेकांनी ते चौकटीच्या कडेने आठकोनी कापून वापरलं. चौकोनी कापलेलं सापडलं तर आम्ही दोन्ही हातांनी धरतो. आठकोनी कापलेल्याला मोल खूपच कमी. १८५२ चं सिंध डाक, आशियातलं पहिलं तिकीट, घरच्या आल्बममध्ये निघालं तर उतावीळ होऊ नका. त्याच्या नकला पूर्वीपासून पुष्कळ निघाल्या आहेत.

किंमत ठरते ती मागणी किती, प्रती किती आणि अवस्था कशी, या तिन्हींवर. अवस्था म्हणजे पाठीवर मूळ डिंक आहे का, हिंजची म्हणजे आल्बममध्ये लावायच्या दुमडपट्टीची खूण आहे का, एखादं छिद्र तुटलंय का, तपकिरी ठिपके पडलेत का. आपल्या दमट हवेत हे ठिपके पडतातच, आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरातून आलेल्या आल्बममध्ये आम्ही पहिल्यांदा तेच बघतो.

गांधीजींच्या तिकिटांबद्दल

रोज विचारला जाणारा प्रश्न असल्यामुळे थोडं सविस्तर. १५ ऑगस्ट १९४८ ला गांधीजींची चार तिकिटं निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडमध्ये छापली होती, आणि त्यांवर हिंदीत व उर्दूत 'बापू' असं लिहिलेलं आहे. दीड आण्याचं जवळजवळ प्रत्येक आल्बममध्ये असतं, त्याला फार किंमत नाही. खरी मागणी दहा रुपयांच्या तिकिटाला, त्यातही कोऱ्या, हिंज न लागलेल्या प्रतीला. म्हणूनच त्याची बनावट तिकिटंही फार. याच चार तिकिटांवर 'सर्व्हिस' असा जादा छाप मारून फक्त १०० संच गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी काढले होते. ते भारतीय तिकिटांतलं मोठं धन. पण आजवर 'आमच्याकडे सर्व्हिसवालं आहे' म्हणून जे दुकानात आलं, त्यातलं एकही खरं निघालं नाही. तुमचंही खोटंच असेल असं म्हणायचं नाही. एवढंच, की तज्ज्ञाने प्रमाणपत्र दिल्याशिवाय कोणी त्यावर मोठी रक्कम देऊ केली किंवा मागितली तर थांबा.

आल्बममध्ये नेहमी काय निघतं

हंगेरी, पोलंड, रुमानियाची रंगीत, मोठी, कधी त्रिकोणी तिकिटं. उलटून बघा: पाठीवर डिंक जसाच्या तसा, तरी पुढे कोपऱ्यात नीटनेटका शिक्का. ही तिकिटं पत्रावर कधी लागलीच नाहीत. शिक्का मारूनच संग्राहकांना विकली गेली. अजमान, फुजैरा, उम्म अल-कुवैन या अमिरातींची साठ-सत्तरच्या दशकातली चित्रमय तिकिटंही तशीच संग्राहकांसाठी काढलेली. दिसायला सुंदर, भाव नगण्य.

१९७१ ची पाच पैशांची, 'रिफ्यूजी रिलीफ' छाप असलेली लाल तिकिटं ढिगाने मिळतात. बांगलादेशाच्या निर्वासितांसाठीचा कर म्हणून ती प्रत्येक पत्रावर जादा लागायची. सर्रास मिळतात त्यांना किंमत नाही, पण सुरुवातीला काही ठिकाणी हा छाप स्थानिक पातळीवर मारला होता, ती वेगळी ओळखावी लागतात. तुम्ही फेकू नका, आम्ही बघू.

सत्तर-ऐंशीच्या दशकातली फर्स्ट डे कव्हरं, म्हणजे तिकीट निघालं त्या दिवशीचा शिक्का मारलेली पाकिटं, आणि कोऱ्या तिकिटांचे संच. टपाल खात्यात फिलाटेलिक डिपॉझिट अकाउंट उघडून हजारो लोकांनी हीच कव्हरं घरपोच मागवली, जपून ठेवली, आणि आज ती सगळी कपाटं एकदम उघडत आहेत. घ्यायला माणसं कमी, माल भरपूर. हे सांगताना आम्हाला वाईट वाटतं, कारण समोरच्याच्या वडिलांनी पगारातून पैसे बाजूला काढून ती घेतलेली असतात. पण खोटी आशा लावणं त्याहून वाईट.

आता ज्यावर आमचा हात थांबतो ते. संस्थानांची तिकिटं, विशेषतः पाकिटावर असलेली. गोव्यातल्या घरातून आलेली पोर्तुगीज राजवटीतली पाकिटं. डिसेंबर १९६१ चा शिक्का असेल तर आम्ही तारीख भिंगाखाली दोनदा वाचतो. युद्धकाळातली सेन्सॉर झालेली पत्रं. चीनची जुनी तिकिटं, त्यातही १९८० चं लाल पार्श्वभूमीवरचं माकड. लहान गावांच्या टपाल कचेऱ्यांचे स्पष्ट, वाचता येणारे ब्रिटिशकालीन शिक्के. ही चीजवस्तू जाडजूड आल्बममध्ये क्वचितच असते. ती खोक्यात असते.

कॅटलॉगमधली किंमत आणि हातात येणारी रक्कम

स्टॅनली गिबन्स या इंग्लंडच्या तिकीट कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आकडा दिसला की बेरीज करायचा मोह होतो. तो आकडा उत्तम अवस्थेतलं तिकीट दुकानदार ज्या भावाने विकेल त्याचा असतो, घेण्याचा नव्हे. आणि अगदी स्वस्त तिकिटापुढेही एक किमान आकडा छापलेला असतो, तो ते शोधून पाकिटात घालून देण्याच्या श्रमाचा. अशी पाच हजार तिकिटं गुणून आलेली रक्कम बाजारात कोणी देत नाही.

विकायचे रस्ते तीन. दुकानदाराला एकगठ्ठा विकलं तर पैसे लगेच मिळतात, पण त्यात त्याचा नफा आणि पडून राहणाऱ्या मालाचा धोका धरलेला असतो. लिलावात चांगल्या वस्तूला चांगला भाव येऊ शकतो. कमिशन जातं, काही महिने थांबावं लागतं, आणि साधा माल ते घेतच नाहीत. स्वतः ऑनलाइन विकायचं तर प्रत्येक तिकीट ओळखता यायला हवं. निवडक दहा-बारा वस्तू लिलावाला आणि उरलेलं एकगठ्ठा, असा मध्यम मार्ग आम्ही बरेचदा सुचवतो, मग त्यात आमचा वाटा कमी आला तरी. घाई नसेल तर महापेक्ससारख्या टपाल तिकिटांच्या प्रदर्शनात एक दिवस फिरून या, चार दुकानदारांशी बोला.

दोन ठिकाणी सावध राहा. 'हा एक आल्बम मला द्या, बाकी रद्दी आहे' असं कोणी म्हणालं तर काहीच देऊ नका. संपूर्ण संग्रहाचा अंदाज आल्याशिवाय एक पानही वेगळं विकायचं नाही. आणि विकून देण्याआधीच नोंदणी फी, कर किंवा कमिशन मागणारा माणूस खरेदीदार नसतो. जुन्या नोटा-नाण्यांच्या नावाने चालणाऱ्या अशाच फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं. तिकिटांतही तोच प्रकार चालतो.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू परदेशी पाठवायचा विचार असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा आड येऊ शकतो, आधी माहितगार वकिलाला विचारा.

आमची पद्धत

पहिली पाहणी मोफत, तुमच्यासमोर. संग्रह ठेवून घेतला तर पानागणिक फोटो काढून पावती देतो. भाव सांगताना त्यातल्या कोणत्या वस्तूंमुळे तो आला हे कागदावर लिहून देतो, म्हणजे तो कागद घेऊन तुम्ही दुसरीकडेही विचारू शकता. वारस एकाहून जास्त असतील तर सगळ्यांची लेखी संमती लागते. भावंडांमध्ये यावरून कटुता आलेली आम्ही पाहिली आहे.

येण्याआधी फोटो पाठवायचे असतील तर एकेका तिकिटाचे नकोत. अख्खं पान, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश न लावता. पाकिटांच्या दोन्ही बाजू.

येताना वडिलांची किंवा आजोबांची वहीसुद्धा आणा, असेल तर. कोणतं तिकीट कधी, कुठून, कितीला घेतलं हे बऱ्याच संग्राहकांनी लिहून ठेवलेलं असतं, जुन्या पावत्या मागच्या पानात खोचलेल्या असतात. त्या वहीने आमचं आठवड्याचं काम एका दुपारी होतं. आणि पावसाळ्यात येत असाल तर आल्बम आधी सुती कापडात, मग प्लास्टिकमध्ये गुंडाळा, पिशवीत आडवे न रचता उभे ठेवा. वजनाने दबले की दमट हवेत पानं एकमेकांना धरतात.