सीटी नॉर्मल आलाय, मग इंजेक्शन कशाला?

स्ट्रोकच्या पेशंटचे नातेवाईक हमखास हेच विचारतात, आणि त्यांचं तरी काय चुकतं, समोर माणसाचं तोंड वाकडं झालंय, उजवा हात उचलत नाहीये आणि रिपोर्ट म्हणतोय काहीच नाही.

तर पहिला साधा सीटी असतो तो मुख्य म्हणजे मेंदूत रक्तस्राव झालाय का ते बघायला. ताजं रक्त सीटीवर पांढरं दिसतं, साधारण बघताक्षणी कळतं. पण गुठळीने नस बंद झाली असेल तर पहिले काही तास मेंदू जवळपास नेहमीसारखाच दिसतो, फारतर एखादी नस जरा जास्त पांढरी. म्हणजे लक्षणं स्ट्रोकची आणि सीटीत रक्त नाही, ही खरंतर बरी बातमी, साडेचार तासांच्या आत असाल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं. रक्तस्रावात तेच दिलं तर जिवावर बेतेल, त्यामुळे सीटीआधी कुणी सुईला हात लावत नाही.

मग नसेत डाय सोडून अँजिओग्राफी, म्हणजे नसांचा स्कॅन, कुठली नस कुठे तुंबलीय ते बघायला. मोठी नस असेल तर जांघेतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालून गुठळी ओढूनच काढतात. आता इथे गंमत आहे. नस तुंबली की मधला गाभा लवकर मरतो पण भोवतीचा भाग शेजारच्या नसांच्या उसन्या रक्तावर तग धरतो, काम बंद पण जीव आहे. ह्याला पेनम्ब्रा म्हणतात, शब्द ग्रहणातला, आपली उपछाया. कुणाचा हा भाग दोन तासांत संपतो, कुणाचा दहा तास टिकतो, आणि ते घड्याळ सांगत नाही, मेंदूच्या कुठल्या भागात किती रक्त पोचतंय ते दाखवणारा परफ्यूजन स्कॅन सांगतो. 2018 साली छापून आलेल्या डॉन ट्रायलमध्ये 6 ते 24 तास उलटलेले पेशंट अशा स्कॅनवरून निवडले, गुठळी काढलेल्यांपैकी 49 टक्के तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करत होते, न काढलेल्यांपैकी 13.

रात्री धडधाकट झोपला आणि सकाळी हात लुळा, अशा केसमध्ये तर वेळच माहीत नसते. तिथे एमआरआय कामाला येतो, त्यातल्या डीडब्ल्यूआय नावाच्या चित्रांत इजा काही मिनिटांत चमकते, फ्लेअर नावाच्या चित्रांत उमटायला काही तास लागतात. पहिल्यात दिसतेय, दुसऱ्यात नाही, म्हणजे झटका बहुतेक पहाटेचा, इंजेक्शन अजून देता येईल.